खाऱ्या शेंगांची परीक्षा: दुकानाच्या पाटीसाठी चढवून पाहिलेले फॉन्ट

गिऱ्हाईक आलं ते काखेत पत्रा मारूनच आलं. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला, चार फूट बाय दीड फूट, चारी कडांना गंज. पोरगा पंचविशीतला. आजोबांचं किराणा भुसारचं दुकान बंद पडून वर्षं झाली, त्याच गाळ्यात आता कुंदा आणि करदंट या मिठायांचं दुकान काढायचं म्हणत होता. "मामा, डिट्टो असलंच अक्षर पाहिजे. पण बोर्ड नवीन. दहा बाय तीन." कागद काढला आणि मी गप्पच झालो. उजव्या कोपऱ्यात खाली करंगळीएवढ्या अक्षरात सही होती ती आमच्या आप्पांची. साल १९८३.

आप्पा पेंटर. बेळगावात शहापूर, वडगाव, खडेबाजार, पार खानापूरपर्यंत त्यांच्या पाट्या होत्या. फ्लेक्सचं मशीन आलं आणि मी कॉम्प्युटरसमोर बसलो, ते शिडीवरून खाली उतरले. आता ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत आणि चहाचा कप दोन हातांनी धरतात. त्यांच्याकडून दहा फुटी बोर्ड लिहून घेण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून ठरवलं, हल्ली जुन्या रंगवलेल्या पाट्यांवरून बेतलेले जे फॉन्ट निघालेत ते एकदा नीट तपासायचे. स्क्रीनवर नाही. फ्लेक्सच्या उरलेल्या तुकड्यांवर खऱ्या मापात छापायचे, समोरच्या घराच्या कट्ट्यावरून वाचायचे. महिनाभर हा उद्योग चालला. बायको म्हणाली, गिऱ्हाइकाकडून पैसे एका पाटीचे घेणार आणि काम दहा पाट्यांचं. खरं आहे.

तपासायला मी तीन शब्द घेतो, आणि तुम्हीही घ्या: लाडू, शेंगा, खाऱ्या. लाडूत मराठी 'ल' कळतो. शेंगात मराठी 'श' कळतो. पुष्कळ फॉन्टांत पहिल्यांदा हिंदी वळणाचा ल आणि श येतो. मराठी वळण फॉन्टच्या पोटात असलं तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाही. आणि खाऱ्या ही सगळ्यात अवघड परीक्षा. त्यातला अर्धा र नीट आला नाही तर 'या' अक्षराच्या डोक्यावर रफार बसतो आणि शेंगा खाऱ्या न राहता आचार्यांच्या पंक्तीला जाऊन बसतात.

आधी पैसे घालवून घेतलेला फॉन्ट. कंपनीचं नाव सांगत नाही. जाहिरातीत 'जुन्या बाजारातल्या पाट्यांची जादू' वगैरे होतं आणि अक्षरं अशी दाखवली होती की जणू तीस पावसाळे खाल्लेत. उघडून बघतो तर प्रत्येक 'र'च्या डाव्या खांद्यावर एक ओरखडा. पाटीत तीन र, तीन ओरखडे, तिन्ही एकाच जागी, एकाच लांबीचे. अहो, पाटी अशी झिजत नसते. पाणी ज्या बाजूनं मारतं त्या बाजूनं रंग सुटतो. खिळ्याभोवती गंजाची वर्तुळं धरतात. लाल आधी विटतो, काळा टिकून राहतो. आणि मुळात पेंटर झिजलेलं अक्षर लिहीत नसतो! आप्पा पत्र्याला आधी रेड ऑक्साईड मारायचे, मग दोन हात एनॅमल, मग खडू लावलेल्या दोऱ्यानं शिरोरेषा आणि तळाची रेघ मारून घ्यायची, आणि मग अक्षर. एवढं करायचं ते पाटी झिजू नये म्हणूनच. जुनेपणाचं नाटक म्हणून अक्षराला मारलेले ओरखडे मला तरी शिवीसारखे वाटतात. खाऱ्याच्या परीक्षेतही हा फॉन्ट पडलाच. पैसे गेले, सोडा.

आता यात्रा वन. याच्यासाठी जरा बसून बोलतो.

हा फॉन्ट कॅथरीन ली श्मिट या बाईंनी केलाय आणि त्याचं मूळ मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांत आहे. देवनागरी आणि रोमन दोन्ही अक्षरं आहेत, गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो, धंद्यासाठी वापरायलाही मोकळा आहे. आमच्या लाईनीत निम्मे लोक कुठल्या तरी सीडीवरून कुणाकुणाचे फॉन्ट वापरत आलेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. असल्या मोकळ्या परवान्याच्या फॉन्टनं बोर्ड केला तर कुणी येऊन काही म्हणू शकत नाही.

यात्रात गंमत आहे ती कोनाची. देवनागरीची जुनी ठेवण बोरूची. बोरूचा काप असा असतो की जाडी एका तिरक्या दिशेनं पडते आणि बारकी त्याच्या उलट दिशेनं. रोमन लिपीच्या टाकाचा कोन नेमका याच्या विरुद्ध. यात्रानं देवनागरीला तो रोमनचा कोन दिलाय. सुलेखन शिकलेला माणूस बघताक्षणी म्हणेल, हे उलटं झालंय. पेंटर असं म्हणणार नाही. शिडीच्या चौथ्या पायरीवर उभं राहून, डाव्या हातात आधाराची काठी धरून, उजव्या हातात चपटा ब्रश धरलेला माणूस बोरूचे नियम पाळत नसतो. त्याच पाटीवर त्याला खाली इंग्रजीपण लिहायचं असतं. मनगट तेच, ब्रश तोच. लिपी बदलली म्हणून तो हात बदलत नाही. हे त्या बाईंनी बरोब्बर पकडलंय.

मी 'शुद्ध तुपाचा कुंदा' असा मजकूर यात्रात दीड फूट उंचीनं छापला आणि समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसलो. अक्षर धडधाकट दिसतं. शिरोरेषा नुसती पट्टी मारल्यासारखी नाही, ती ओढलेली वाटते. लांबून वाचायला त्रास नाही. पण जवळ येत गेलं तसं मला एक खटकायला लागलं. आप्पांच्या पत्र्यावर 'किराणा भुसार' आहे, त्यात 'भु'चा उकार आखूड आणि रुंद आहे, कारण त्याच्या खाली लगेच दुसरी ओळ येते. त्याच पत्र्यावर शेवटच्या ओळीतला 'गुळ'चा उकार मात्र मनसोक्त खाली लोंबतोय, कारण खाली पत्रा रिकामा होता. गुळातला उकार दीर्घ हवा हे मला शाळेत कळलं, आप्पांना अजून मान्य नाही. ते असो. यात्रात उकार एकच. जागा असो नसो, तो तेवढाच खाली जाणार. जाडीही एकच मिळते. नावात 'वन' आहे ते त्याचसाठी. बोर्डावर दुकानाचं नाव जाड आणि 'आमची कुठेही शाखा नाही' बारीक, असं करायचं असेल तर दुसरा फॉन्ट शोधा.

तरीही माझ्या मते जुन्या पाटीचा वास ज्याला खरा येतो असा देवनागरीतला फुकटचा फॉन्ट हाच. मुंबईचा आहे, बेळगावचा नाही, एवढंच.

मोदक. मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या गटाचा. नावाप्रमाणे फुगलेला, देवनागरीत इतकं गुटगुटीत अक्षर मी तरी दुसरं बघितलेलं नाही. अक्षराच्या पोटातली पांढरी जागा म्हणजे नुसती केसाएवढी रेघ. गणपतीत मंडळाच्या कमानीवर झकास दिसेल, तिथं अक्षर पुरुषभर असतं. दुकानाच्या बोर्डावर सहा इंचांत घेतलं तर रस्त्यापलीकडून 'शुद्ध' हा एक काळा गोळा दिसतो. रेडियम, म्हणजे बोर्डावर चिकटवायची रंगीत पट्टी, कापायला तर घेऊच नका, त्या केसाएवढ्या पट्ट्या सोलताना पोरगं रडकुंडीला येतं.

श्रीखंड नावाचाही एक फॉन्ट आहे. नाव वाचून मी हात चोळतच उतरवून घेतला. जॉनी पिनहॉर्न यांनी भारतातल्या रस्त्यांवरच्या रंगीत अक्षरांवरून केलाय, तिरका, ठसठशीत, फार देखणा. मराठी टाकायला गेलो तर अक्षरच उमटेना. त्यात गुजराती आणि रोमन आहे, देवनागरी नाहीच. श्रीखंड म्हटलं की आपलं पान आधी मांडलेलं असतं, इथं वाटी शेजारच्याच्या पानात. नुसत्या इंग्रजी नावाचं कॅफे वगैरे असेल तर जरूर घ्या.

हनीफ कुरेशी यांचं 'हँडपेंटेड टाईप'चं कामही असंच मनाला लागणारं. देशभरातल्या पेंटर लोकांकडून बाराखडी लिहून घ्यायची, तिचा फॉन्ट करायचा आणि फॉन्टला त्या पेंटरचं नाव द्यायचं. २०२४ साली कुरेशी गेले. आप्पांची सही पत्र्याच्या कोपऱ्यात करंगळीएवढी, आणि इथं पेंटरचं नाव हेच फॉन्टचं नाव. हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "बरं केला की" म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पण त्यातले जे फॉन्ट मी बघितले ते रोमन अक्षरांचे. माझ्या बोर्डाला उपयोग नाही.

आणि इथं येऊन खरी अडचण उभी राहते. ती पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायची नाही.

बेळगावात पाटी एका लिपीची नसते. आप्पांच्या त्या पत्र्यावर वर देवनागरी आहे, खाली त्याच उंचीत कन्नड. आज कायदा असा की बोर्डाचा साठ टक्के भाग कन्नडचा. २०२४ ला तो नियम आला तेव्हा आमच्याकडे महिनाभर फूटपट्टी घेऊनच गिऱ्हाइकं यायची. दहा बाय तीनचा बोर्ड म्हणजे तीस चौरस फूट. अठरा कन्नडचे, उरलेल्या बारांत मराठी आणि इंग्रजी दोघांनी भागवायचं. निपाणी ओलांडून कागलात गेलं की फूटपट्टी उलटी, तिकडं मराठी अक्षर दुसऱ्या कुठल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. माझा मावसभाऊ गडहिंग्लजला हाच धंदा करतो. आम्ही दोघं फोनवर एकमेकांना आपापल्या फूटपट्ट्या ऐकवतो. भांडणात मी पडत नाही, २०१४ ला एक नोव्हेंबरला गावाचं सरकारी नाव बेळगावी झालं तेव्हाही अर्ध्या गावानं शिव्या दिल्या, अर्ध्या गावानं फटाके लावले, आणि बोर्ड दोघांचे मीच बदलले.

पण अक्षराच्या बाजूनं बघा. माझ्या बोर्डावर कन्नडची पट्टी जवळजवळ एक फूट दहा इंच, खाली उरले चौदा इंच. त्यातले दोन इंच मोकळे सोडायचे. बारा इंचांत वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार, मधे अक्षराचं अंग सहा-सात इंच. कन्नडमध्ये उलटं, तिथं जोडाक्षराचा ओत्त, म्हणजे खाली जोडलेलं अक्षर, खाली लोंबतो, डोक्यावर मात्र छोटा तलकट्टु, म्हणजे टोपीसारखी रेघ, असते, सलग शिरोरेषा नाही. कन्नडमध्ये 'कुंदा' लिहिताना अनुस्वार डोक्यावर बसत नाही, अक्षराच्या शेजारी पूर्ण गोल म्हणून उभा राहतो, त्याला सोन्ने म्हणतात. देवनागरीत तोच अनुस्वार एक टिंब. आता आप्पांनी काय केलंय ते मला चाळीस वर्षांनी पहिल्यांदा दिसलं. त्यांनी कन्नडचा तलकट्टु आणि देवनागरीची शिरोरेषा एकाच ब्रशनं, एकाच जाडीनं ओढलीय. आणि देवनागरीचं टिंब मुद्दाम मोठं, गरगरीत काढलंय, खालच्या सोन्नेला शोभेल असं. दोन लिप्या, पण एका घरातल्या वाटतात. 'तुम्हाला हे कसं जमलं' असं विचारलं तर म्हणतात, "एकच माणूस लिवल्यावर एकसारखं दिसणारच की."

फॉन्टवाल्यांच्या दुनियेत तो एकच माणूस नाही. यात्रात कन्नड नाही. श्रीखंडात दोन्ही नाहीत. हुबळी नावाचा एक सुंदर फॉन्ट आहे, एरिन मॅकलॉक्लिन यांचा, एकाच जाडीच्या रेघेचा, अगदी सहज हातानं लिहिल्यासारखा. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या गावाचं नाव, पण त्यात कन्नड आणि रोमन आहे, देवनागरी नाही. यात्रा आणि हुबळी एकाच बोर्डावर ठेवून पाहिले. एकाचा ब्रश, दुसऱ्याचा पेन. भाड्याच्या घरातले दोन बिऱ्हाडकरू.

मग उरला बालू.

बालू २ हाही 'एक टाईप'चाच. गोलसर, ठणठणीत, साध्यापासून एक्स्ट्रा बोल्डपर्यंत पाच जाड्या. सगळ्यात मोठी गोष्ट ही की त्याला भावंडं आहेत आणि त्यांची नावंसुद्धा भावंडांचीच. गुजराती तो बालू भाई, बंगाली तो बालू दा, तमिळ तंबी, मल्याळम चेट्टन, गुरुमुखी पाजी, आणि कन्नड तो बालू तम्मा. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. बेळगावात मराठी म्हातारासुद्धा दुकानातल्या पोराला "ए तम्मा" म्हणून हाक मारतो, त्यामुळं हे नाव वाचून मी एकटाच हसलो. दोन्ही लिप्यांची जाडी जुळते, गोलाई जुळते. कन्नडची सोन्ने आणि मराठीचं टिंब शेजारी शेजारी बघितलं तर एकाच पिंपातला रंग वाटतो. बोर्डावर चढवल्यावर कट्ट्यावरून दोन्ही ओळी एका दमात वाचल्या जातात.

उणं काय? बालूला रंगाचा वास नाही. तो स्वच्छ आंघोळ केलेला आहे. ब्रश उचलताना अक्षराच्या टोकाला जी किंचित शेपटी राहते ती त्याच्यात नाही, आणि ती मागायला गेलो तर मीच मूर्ख, कारण त्यानं कधी जुनी पाटी असल्याचा आव आणलेला नाही. शिवाय हल्ली तो इतका वापरतात की अमूलच्या जाहिरातीपासून बालवाडीच्या दाखल्यापर्यंत सगळीकडं तोच असावा असा भास होतो. 'एक टाईप'चाच २०२२ चा 'अनेक' हा फॉन्टही पाहिला. त्यात नऊ भारतीय लिप्या आणि रोमन आहे, अरुंद ते रुंद हवं तसं ताणता येतं. बारा इंचांत मजकूर बसवायला याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण तो शहाण्या ऑफिसासारखा दिसतो. कुंदा विकायला जरा जास्तच शहाणा.

ज्यांना बोर्ड स्वतः करायचाय त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण यात माझे दोन दिवस गेले. जुन्या कोरलड्रॉमध्ये युनिकोड मराठी टाकलं की वेलांटी पळते आणि जोडाक्षर मोडतं. इंकस्केप फुकट आहे, त्यात मजकूर नीट येतो. तिथं अक्षराचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षराची नुसती आकृती करून, मग कोरलमध्ये आणा. आणि कर्व्ह केल्यावर सगळा शब्द वेल्ड करायला, म्हणजे एकच आकृती करून जोडायला, विसरू नका. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर जराशी चढलेली असते. फ्लेक्स छापताना ते दिसत नाही, पण प्लॉटरवर रेडियम किंवा ॲक्रेलिक कापायला दिलं की प्रत्येक सांध्यात सुरी फिरते आणि शिरोरेषेचे तुकडे होतात. पहिल्या खेपेला माझा कुंदा असाच तीन भागांत सुटून आला.

शेवटी केलं ते असं. कन्नडला बालू तम्मा, एक्स्ट्रा बोल्ड. मराठी बारक्या ओळीला बालू. इंग्रजीसाठी यात्रातली रोमन अक्षरं, ती फार गोड आहेत. आणि मराठीतला एकच शब्द, 'कुंदा', मी फॉन्टमधून घेतला नाही. यात्राचा कुंदा छापून त्यावर ट्रेसिंग कागद टाकला, आप्पांच्या पत्र्यावरचा 'कि' आणि 'दा' समोर ठेवले आणि पेन्सिलनं हळूहळू त्यांच्याकडं ओढत नेला. टिंब फुगवलं.

प्रूफ घेऊन घरी गेलो. आप्पा अंगणात खुर्चीवर. आधी मूळ यात्राचा कागद दिला. चष्मा कपाळावर सरकवून कागद नाकाजवळ धरला.

"हे कोण लिवलंय?"

"एक बाई हाय आप्पा, परदेशातली. कॉम्प्युटरवर केलीय."

"बाई?" कागद लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "ब्रश बरा धरलीया."

मग माझा कुंदा दिला. त्यावर काही बोललेच नाहीत. बोट ठेवलं ते नेमकं 'कु'च्या उकारावर. "हे लई खाली गेलंय. खाली इंग्लिश हाय न्हवं? पोटात घे."

उकार दीड इंच वर घेतला, रुंद केला. पुन्हा नेला. मान हलवली. बोर्ड मागच्या आठवड्यात चढला. पोरगा खूश आहे, त्याची आजी खाली उभी राहून बराच वेळ वर बघत होती. तो जुना पत्रा अजून माझ्या दुकानात मशीनच्या मागं टेकवून ठेवलाय. न्यायला ये म्हणून दोनदा फोन केला, तो म्हणतो "ठेवा की मामा तुमच्याकडंच", आणि मीही आता तिसऱ्यांदा फोन केलेला नाही.